खेळाच्या यंत्राचा धंदा

वडीलपणाचे जे अनेक तोटे आहेत, त्यांत सल्ला विचारला जाणें हा आमच्या मतें सर्वांत मोठा तोटा होय. न मागतां सल्ला देण्यांत सुख असतें. तो कोणी मनावर घेतला नाहीं तरी आपलें कांहीं जात नाहीं. पण कोणी मुद्दाम बोलावून घ्यावें, पुढें चहा ठेवावा आणि "आतां तुम्हीच काय तें सांगा" असें म्हणावें, म्हणजे तोंडांतून निघणाऱ्या शब्दाला वजन येतें, आणि तें वजन मागून आपल्यालाच वाहावें लागतें. गेल्या उन्हाळ्यांत शिरुरास आमच्या थोरल्या बहिणीच्या घरीं आमच्यावर असाच प्रसंग ओढवला. आणि तोही अशा विषयांत, कीं ज्यांतला आमचा अधिकार तीस वर्षांपूर्वीं दौंडांत बुडालेल्या एका दुकानापुरताच होता.

गोष्ट अशी झाली. आमचा भाचा रांजणगांवच्या औद्योगिक वसाहतींत एका कारखान्यांत इंजिनियर आहे. टी. व्ही.ला जोडून खेळावयाचें एक यंत्र—तो त्याला 'कन्सोल' म्हणतो—त्यानें दोन वर्षें रात्रीं जागून घरींच तयार केलें होतें. आतां नोकरी सोडावी, ह्या यंत्राचा कारखाना काढावा, आणि भांडवलासाठीं दाजींच्या नांवची तीन एकर बागाईत बँकेकडे गहाण ठेवावी, असा त्याचा बेत होता. दाजींची बाकीची जमीन वसाहतीच्या संपादनांत गेली होती. तिच्या पैशांत घर उभें राहिलें, ताईच्या दोन मुलींचीं लग्नें झालीं. आतां हे तीन एकरच काय ते उरले होते. ताईनें फोनवर लांबण लावली नाहीं. ती म्हणाली, "तूं ये. तो तुझं ऐकतो." खरें पाहतां तो कोणाचेंच ऐकत नाहीं, पण आईला असा कोणी तरी एक माणूस आहे असें वाटत असतें, आणि त्या मानाला नाहीं म्हणवत नाहीं.

दौंडाहून शिरुरास जावयाचें म्हणजे पाटस, चौफुला, केडगांव करीत पारगांवाशीं भीमा ओलांडावी लागते, आणि मग न्हावऱ्यावरून घोडनदीचा कांठ येतो. एस्टीच्या त्या प्रवासांत दोहों बाजूंस ऊस आणि मधून मधून गुऱ्हाळांचा धूर. खिडकीपाशीं बसून आम्हांस सारखें आमच्या धाकट्या काकांचें दुकान आठवत होतें.

१९९४ च्या सुमारास काकांनीं दौंडास रेल्वेच्या चाळींजवळ एक खोली भाड्यानें घेऊन तींत दोन टी. व्ही. आणि दोन 'टी. व्ही. गेम' मांडले. यंत्रें म्हणजे जपानांतील निंटेंडो कंपनीनें १९८३ सालीं काढलेल्या 'फॅमिकॉम'च्या नकला होत्या. त्या काळीं आपल्याकडे मध्यम स्थितींतल्या घरांतून जीं दिसत, तीं बहुतेक अशींच असत. कॅसेट खांचेंत बसवावयाची. चित्र उमटलें नाहीं कीं ती काढून तिच्या तोंडांत फुंकर घालावयाची आणि पुन्हां बसवावयाची. ह्या फुंकरीमागें शास्त्र काय तें आम्हांस आजतागायत कळलेलें नाहीं, पण तिच्यावर आमची जी श्रद्धा होती ती पुढें फारच थोड्या गोष्टींवर बसली. भिंतींवर उड्या मारीत जाणारा मारिओ, 'काँट्रा'मधले दोन शिपाई, आणि पडद्यावरचीं बदकें टिपावयाची ती प्लॅस्टिकची बंदूक! तासाला दहा रुपये दर होता. मे महिन्याच्या सुटींत पोरांची रांग रस्त्यापर्यंत जाई, आणि काका गल्ल्यावर बसून घामाघूम होत.

पुढच्या मे महिन्यांत रांग खोलीच्या दारापर्यंतच उरली, आणि त्याच्या पुढच्या वर्षीं काका एकटेच बसलेले दिसूं लागले. त्यांना वाटलें, खोली जुनी दिसते. त्यांनीं रंग दिला. मग वाटलें, टी. व्ही. लहान पडतो, त्यांनीं तिसरा, मोठा टी. व्ही. घेतला. पोरें येत, दारांतून डोकावत आणि विचारीत, "काका, नवीन काय आलं?" काका म्हणत, "हेच चांगलं आहे की!" तें चांगलें होतें ह्यांत शंकाच नाहीं, पण तें पोरांचें खेळून झालेलें होतें. कॅसेटीवर ९९९ खेळ असे छापलेलें असे; मोजूं गेल्यास पांचसहाच निघत, आणि तेच रंग बदलून फिरून फिरून येत. दुकान मिटलें तेव्हां काकूंच्या पाटल्या गेल्या. काकांनीं पुढें पिठाची गिरणी घातली ती मात्र उत्तम चालली. गिरणींत येऊन नवीन काय आलें म्हणून कोणी विचारीत नाहीं.

शिरुरास पोंचलों तों भाच्यानें सर्व मांडून ठेवलेलें होतें. तें यंत्र पाहून आम्ही खरोखर चकित झालों, हें कबूल केलें पाहिजे. टिफिनच्या डब्याएवढें खोकें, हातांत नीट बसणारे दोन रिमोट, आणि पडद्यावर त्यानें स्वतः रचलेला एक खेळ. टाकळी हाजीजवळ कुकडीच्या पात्रांत पाण्यानें खडकांत जे प्रचंड रांजण कोरले आहेत, ते आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांनीं पाहिले असतील. त्या रांजणखळग्यांवरून एक मुलगा उड्या मारीत पैलतीरास निघाला आहे, आणि मागून पुराचें पाणी चढत आहे, असा तो खेळ होता. आम्ही दोनदां बुडालों. तिसऱ्यांदा ताईनें रिमोट हिसकावून घेतला.

मग त्यानें वही उघडली. एका यंत्राला खर्च ४,२०० रुपये, विक्री ६,००० रुपयांस, प्रत्येकीं १,८०० नफा. दहा हजार यंत्रें विकलीं कीं कर्ज फिटलें. गणितांत चूक नव्हती. आम्हीं एवढेंच विचारलें, "खेळ किती आहेत?"

"सध्यां एक. यंत्र बाजारांत आलं कीं लोक खेळ करतीलच."

"लोक म्हणजे कोण?"

ह्या प्रश्नाचा त्याला थोडा राग आला. परंतु सारी मेख तेथेंच आहे असें आम्हांस वाटतें, आणि ती दाखविण्यास उदाहरण त्याच्या दारांतच होतें. रांजणगांवच्या महागणपतीपासून जवळच जी वसाहत आहे, तींत एल. जी. ह्या कोरियन कंपनीचा मोठा कारखाना २००४ सालापासून आहे. (भाच्याची नोकरी तेथली नव्हे.) टी. व्ही., फ्रिज, धुलाईयंत्रें असा तेथला माल घरोघर गेला आहे. ह्याच कंपनीनें, ती 'गोल्डस्टार' ह्या नांवानें ओळखली जात असे तेव्हां, खेळाचें यंत्रही विकून पाहिलें होतें, हें फारच थोड्यांना ठाऊक असेल.

त्या यंत्राचें नांव '३ डी ओ'. अमेरिकेंतील ट्रिप हॉकिन्स नांवाच्या गृहस्थानें तें योजलें. हा मनुष्य साधा नव्हे. 'इलेक्ट्रॉनिक आर्ट्स' ही खेळ रचणारी प्रसिद्ध कंपनी त्यानेंच १९८२ सालीं काढलेली होती. त्याची कल्पना वरवर पाहतां फार उदार होती. यंत्राचा आराखडा आपण करावा, तें बनविण्याचा परवाना कोणालाही द्यावा, आणि खेळ रचणारांकडून दर खेळामागें अवघे तीन डॉलर घ्यावे. निंटेंडो किंवा सेगा जें घेत त्याच्या मानानें हें कांहींच नव्हतें. यंत्र पॅनासॉनिकनें १९९३ च्या आक्टोबरांत प्रथम आणलें. गोल्डस्टारचें त्यामागून आलें. पॅनासॉनिकच्या यंत्राची किंमत ७०० डॉलर होती, म्हणजे त्या वेळच्या भावानें सुमारें २२,००० रुपये. निंटेंडोचें किंवा सेगाचें यंत्र ह्याच्या चौथाईलाही मिळत होतें. हॉकिन्सचें यंत्र गुणानें त्यांहून सरस होतें, पण इतकें महाग खेळणें घेणार कोण?

आतां तें महाग कां पडलें, हें पाहण्यासारखें आहे. यंत्र बनविणाऱ्या कंपनीला खेळाच्या विक्रींतून कवडीही मिळावयाची नव्हती. तिला जो काय नफा व्हावयाचा तो खोक्यावरच. म्हणून तिनें तो खोक्यावर चढविला. निंटेंडो, सोनी ह्यांचा हिशेब निराळा. ते यंत्रावर थोडें मिळवितात, किंवा प्रसंगीं पदरचे घालतात, आणि पुढें पांचसात वर्षें दर खेळामागें आपला वांटा उचलून तें भरून काढतात. सोनीनें २००६ सालीं काढलेलें तिसरें 'प्लेस्टेशन' ६०० डॉलरांना विकूनसुद्धां प्रत्येक नगामागें तोटा सोसला होता. हॉकिन्सच्या योजनेंत तोटा सोसणारा कोणीच नव्हता, आणि म्हणूनच दोनतीन वर्षांत तिचा ग्रंथ आटोपला. आमच्या भाच्याचे ते १,८०० रुपये वहींत वाचतांना आम्हांस ह्याच गोष्टीची धास्ती वाटली.

भीमा ओलांडली कीं दौंडासमोर श्रीगोंदें तालुक्यांतलें काष्टी गांव लागतें. तेथला बैलबाजार मोठा. लहानपणीं आम्ही आजोबांबरोबर पुष्कळदां गेलों आहों. बाजाराचें मैदान म्हणजे नुसती मोकळी जागा. तिला किंमत येते ती बाजारच्या दिवशीं. विकणारा येतो, कारण गिऱ्हाईक येणार हें त्याला ठाऊक असतें. गिऱ्हाईक येतें, कारण जनावरें येणार हें त्याला ठाऊक असतें. मैदान राखणारा दोघांच्या मध्यें उभा राहून पट्टी घेतो. खेळाच्या यंत्राचा कारखानदार हा आमच्या मतें असा मैदान राखणारा आहे. आपण यंत्र विकतों असें त्याला वाटत असतें. वास्तविक गिऱ्हाइकाला तो ह्या बाजारांत पुढच्या आठवड्यालाही नवा माल येईल असा भरंवसा विकत असतो. पहिल्या बाजाराला मैदान ओस असतें. त्या दिवशीं चार बैल स्वतः आणून बांधावे लागतात, पाणी फुकट पाजावें लागतें, पट्टी माफ करावी लागते. आणि असे किती बाजार जातील तें कोणी सांगूं शकत नाहीं.

हें आम्हीं भाच्याला सांगितलें. तो म्हणाला, "मामा, ते सगळे महागडे होते. माझं यंत्र स्वस्त आहे." स्वस्ताईची कथाही घडून गेलेली आहे. अमेरिकेंत २०१२ सालीं 'ऊया' नांवाच्या यंत्रासाठीं त्रेसष्ट हजारांवर लोकांनीं वर्गणी करून ८५ लाख डॉलरांहून अधिक रक्कम उभी केली. किंमत अवघी ९९ डॉलर, आणि आंत मोबाईल फोनचीच सामग्री, म्हणजे बरीचशी भाच्याच्या खोक्यासारखी. दुसऱ्या वर्षीं तें बाजारांत आलें आणि २०१५ सालीं ती कंपनी विकून टाकावी लागली. त्याच्यासाठीं म्हणून घ्यावें असे खेळ फारच थोडे निघाले. बहुतेक दुसरीकडे मिळतच होते. स्वस्त मैदानांत माल नसेल तर तिकडे फुकटसुद्धां कोणी जात नाहीं. आणि आतां तर प्रत्येक पोराच्या खिशांत मोबाईल आहे. त्या बाजारांत शिरावयास पट्टीही नाहीं आणि मैदानही नवें घ्यावयास नको.

येथवर आमचें बोलणें बरें चाललें होतें. मग त्यानें ब्राझील काढलें, आणि आम्ही अडलों. ब्राझीलांत टेकटॉय नांवाची कंपनी १९८७ सालीं निघाली. परदेशी मालावर तेथें जकात जबर. म्हणून तिनें सेगाचीं यंत्रें देशांतच जुळवून विकलीं. सेगाचा एक जुना खेळ घेऊन त्यांतल्या वीराच्या जागीं तिनें मोनिका ही तेथल्या चित्रकथांतली आवडती मुलगी घातली, आणि पोरांना तो घरचा वाटला. जगांत इतरत्र कधींच मोडींत निघालेलें 'मास्टर सिस्टिम' हें यंत्र तेथें तीस वर्षें विकलें जात होतें; आंकडा ऐंशी लाखांवर गेला असें कंपनी सांगे. "तिथं जमलं, तर इथं कां नाहीं?" भाच्यानें विचारलें. ह्यावर सेगाचे तयार खेळ तिच्या गांठीशीं होते, एवढें उत्तर आम्हीं दिलें. पण तें देतांना आमचा आवाज खालीं आला होता हें ताईच्या लक्षांत आलें असावें. गरीब देशांत हा धंदा मुळींच होत नाहीं, असें आम्ही घरून ठरवून आलों होतों. तें तितकेंसें खरें नव्हतें.

नुसते खेळ असूनही भागत नाहीं, ही त्याच सेगाची पुढची कथा. १९९५ च्या मे महिन्यांत तिनें आपलें 'सॅटर्न' हें यंत्र अमेरिकेंत ठरल्या दिवसाच्या चार महिने आधींच, कांहीं निवडक दुकानांतून, ३९९ डॉलरांना अचानक मांडलें. ज्या दुकानदारांना तें मिळालें नाहीं ते चिडले. खेळ रचणारांचे खेळ तयार नव्हते, ते तोंडघशीं पडले. त्याच प्रदर्शनांत सोनीचा मनुष्य व्यासपीठावर आला, '२९९' एवढाच आंकडा उच्चारला, आणि खालीं उतरला. पुढें सेगानें 'ड्रीमकास्ट' हें उत्तम यंत्र काढलें, त्याला खेळही चांगले होते. पण एकदां फसलेला दुकानदार आणि एकदां फसलेलें गिऱ्हाईक सावधपणें हात राखून बसलें, आणि तेवढ्यांत सोनीचें दुसरें प्लेस्टेशन आलें. २००१ सालीं सेगानें यंत्रें करणें कायमचें सोडलें. त्या कंपनीचे अध्यक्ष ओकावा ह्यांनीं मरणापूर्वीं आपली जवळजवळ ७० कोटी डॉलरांची खासगी संपत्ति कंपनीला देऊन टाकली होती. ती बुडत्या कंपनीला तगवून धरण्यास कामीं आली, यंत्राला वांचविण्यास नाहीं. आम्हीं हें वाचलें तेव्हां काकूंच्या पाटल्या डोळ्यांपुढें आल्या. प्रमाण सोडलें तर गोष्ट एकच.

तशी पदरमोड करण्याची ऐपत असली तर चुकाही पचतात. मायक्रोसॉफ्टचीं यंत्रें तापून बंद पडूं लागलीं, तेव्हां २००७ सालीं तिनें दुरुस्तीसाठीं शंभर कोटी डॉलरांहून अधिक रक्कम बाजूला काढली आणि गिऱ्हाईक राखलें. आमच्या भाच्याचीं यंत्रें अशीं परत आलीं असतीं, तर त्या तीन एकरांवरच पाळी आली असती.

पुण्याच्या 'नॉडिंग हेड्स गेम्स' ह्या लहानशा मंडळीनें 'राजी' नांवाचा एक सुंदर खेळ केला. २०१७ सालीं त्यासाठीं लोकांकडून वर्गणी मागण्याचा त्यांचा प्रयत्न फसला. तरी त्यांनीं काम सोडलें नाहीं, आणि २०२० च्या ऑगस्टांत तो निंटेंडोच्या 'स्विच' यंत्रावर प्रथम प्रसिद्ध झाला. पुण्यांत केलेला माल क्योटोच्या मैदानांत, तेथली पट्टी भरून विकला गेला. ह्याचें आम्हांस वाईटही वाटतें आणि बरेंही वाटतें. हें उदाहरण आम्हीं भाच्यापुढें ठेवलें आणि म्हटलें, "खेळ कर. यंत्र राहूं दे. तुझा तो खळग्यांचा खेळ यंत्राहून मोठा आहे." आमच्या समजुतीप्रमाणें ही स्तुति होती. त्यानें ती अपमानासारखी घेतली. आणि दोन वर्षें ज्यानें रात्रीं डाग देत हात भाजून घेतले, त्यानें ती तशी घेतली ह्यांत नवल नाहीं.

रात्रीं अंगणांत बाजेवर दाजी बसले होते. खेळ, पट्टी, सेगा, ब्राझील ह्यांतलें कांहीं त्यांनीं ऐकलें नव्हतें. त्यांनीं एकच विचारलें, "जमीन राहील का?"

आम्ही म्हणालों, "दाजी, यंत्र चांगलं आहे. पण जमीन घालूं नका."

ते बरें म्हणाले आणि उठले. दुसऱ्या दिवशीं आम्हांस एस्टीवर पोंचवावयास भाचा आला नाहीं, ताईच आली. न्हावऱ्यापर्यंत आम्हांस आपल्या शहाणपणाचें समाधान वाटत होतें. पारगांवच्या पुलावर तें कमी झालें. निंटेंडो ही १८८९ सालीं निघालेली पत्ते बनविणारी कंपनी. तिच्या यामाउची नांवाच्या धन्यानें टॅक्सी चालवून पाहिल्या, झटपट भात विकून पाहिला, त्यांत हात पोळून घेतले, आणि मग खेळांच्या यंत्रांकडे वळून जग जिंकलें. तेव्हां क्योटोस त्यांचा कोणी मामा एस्टीनें आला असता, तर त्यानेंही आमच्यासारखेंच कांहीं सांगितलें असतें. यामाउचीपाशीं पत्त्यांचा चालता धंदा होता, बापाचे तीन एकर त्यांना घालावयाचे नव्हते, असें आम्ही मनाशीं म्हणतों. तरी ती गोष्ट मधून मधून आठवतेच.

जमीन गहाण पडली नाहीं. भाच्याची नोकरी चालू आहे. तीन महिने त्यानें आमच्याशीं बोलणें टाकलें होतें. दिवाळींत तो दौंडास आला तेव्हां तें खोकें पिशवींत घालून घेऊन आला. "तुमच्याकडेच राहूं द्या, मामा," एवढेंच म्हणाला, आणि टी. व्ही.च्या मागें वाकून तारा जोडूं लागला. आमच्या धाकट्या मुलीनें भाऊबीजेपर्यंत तिन्ही टप्पे पार करून पैलतीर गांठला, आणि रिमोट खालीं ठेवून त्याला विचारलें, "दादा, पुढं काय आहे?"

तो जरा वेळ पडद्याकडे पाहत राहिला. मग त्यानें तिच्याकडून कागद-पेन्सिल मागून घेतली, आणि तीं दोघें खालीं सतरंजीवर बसून कांहीं तरी काढूं लागलीं. जेवणाचीं पानें वाढलीं तरी उठलीं नाहींत.